तिसरी तार

बंद पडलेल्या वस्तूबद्दल आपल्या घरांत एक शब्द सर्रास वापरला जातो: मेलं. मिक्सर मेला, रिमोट मेला, मोबाइल मेला. दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्यानं हा शब्द तोंडात येऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण तो उच्चारला की पुढचा विचार थांबतो. या प्रकरणातलं यंत्र सात वर्षं कपाटाच्या खणात पडून होतं. ते चार्ज व्हायला नकार देत होतं, आणि प्रत्येक नकारामागे कारण होतं. ती कारणं एकेक करून समजून घेणं हीच ही दुरुस्ती.

माझा मावसभाऊ बर्मिंगहॅमला राहतो. मे महिन्यात तो पुण्याला आला तेव्हा त्याच्या बॅगेत गाडीच्या काचेला चिकटवायचा एक जुना नॅव्हिगेटर होता. सव्वाचार इंचांचा पडदा, मागे छोटा स्पीकर, खाली चार्जिंगचं तोंड. "दादा, हे चार्जच होत नाही. फेकणारच होतो, पण तू एकदा बघ," एवढंच म्हणून त्यानं ते माझ्या हातात दिलं. हातातल्या फोनमध्ये नकाशा असताना हे कशाला हवं, असं मी विचारलं. दर उन्हाळ्यात तो कुटुंबाला घेऊन स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जातो, तिथल्या दऱ्यांमध्ये मैलोन्‌मैल फोनला रेंज नसते. या डबीत मात्र अख्ख्या ब्रिटनचा नकाशा आतच साठवलेला आहे. तिला लागतं ते फक्त मोकळं आकाश.

आज विशीच्या आत असलेल्यांना या डब्यांचा काळ कदाचित आठवणार नाही. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जायची, त्यामुळे तुमची जागा शंभरेक मीटरनं इकडेतिकडे दिसे. एवढ्या चुकीत शेजारच्या दोन रस्त्यांमधला तुमचा कोणता हे कळणं अशक्य. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेनं ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि गाडीला वळणावळणावर रस्ता सांगणारं यंत्र सामान्य ग्राहकासाठी करणं सोपं झालं. नेदरलँड्सच्या टॉमटॉमचं 'गो' २००४ मध्ये आलं, गार्मिनचं 'नूवी' २००५ मध्ये. आपल्याकडे मॅपमायइंडियानंही असे नॅव्हिगेटर विकले. मग ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलनं अँड्रॉइड फोनवर बोलून रस्ता सांगण्याची सोय फुकट देऊ केली. त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम या दोन्ही कंपन्यांचे शेअर कोसळले आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरच्या डब्या हळूहळू खणांत गेल्या.

त्यातल्या पुष्कळशा पुन्हा चालू होत नाहीत, त्याचं कारण या खणातच आहे. बटण दाबून 'बंद' केलेला नॅव्हिगेटर बहुतेक वेळा खरा बंद नसतो, तो झोपलेला असतो. पुन्हा बटण दाबताच पडदा लगेच उजळावा म्हणून त्याची स्मृती जागी ठेवलेली असते, आणि तेवढी वीज बॅटरीतून झिरपत राहते. समजा झोपेत तो १ मिलिअँपिअर खातो आणि बॅटरी १००० मिलिअँपिअर-तासांची आहे. १००० तास म्हणजे ४२ दिवस. दीड महिन्यात बॅटरी रिकामी, आणि यंत्र त्यानंतर वर्षानुवर्षं तसंच पडलेलं.

आधी फुकटचे उपाय. बटण वीस-तीस सेकंद दाबून धरायचं. कित्येक यंत्रांना तेवढ्यानं नव्यानं सुरुवात करता येते. काही जुन्या मॉडेलना तळाशी टाचणी जाईल एवढं भोक असतं, त्यात कागदाच्या क्लिपचं टोक हलकेच दाबायचं. यंत्रात मेमरी कार्ड असेल तर ते काढून पुन्हा बघायचं. आमच्या डबीनं यातल्या कशालाच दाद दिली नाही.

यानंतर मी एक सवय पाळतो आणि वाचकांनीही पाळावी असा माझा आग्रह आहे. यंत्र उघडायच्या आधी वीज उगमापासून निघून कुठवर पोचते ते चालत बघायचं. पाटाला पाणी आलं नाही तर शेतकरी पिकापाशी उभा राहून विचार करत बसत नाही, तो पाटाच्या काठानं वर चालत जातो. हातात लागतं एक साधं डिजिटल मल्टिमीटर.

पहिला मुक्काम गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारा प्लग. गाडीची वीज १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४च्या आसपास. नॅव्हिगेटरला लागतात ५. हा उतार प्लगच्या पोटातली एक छोटी सर्किटची पाटी करते. प्लगचं टोक हातानं फिरवलं की बहुधा उघडतं आणि आत स्प्रिंगवर टेकलेला काचेचा फ्यूज सापडतो. फ्यूजची तार नुसत्या डोळ्यांना अखंड दिसते आणि तरी तुटलेली असू शकते, म्हणून मीटर 'बीप'वर ठेवून तपासावी. फ्यूज चांगला निघाला तर टोक आणि बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या बघाव्यात. त्यांच्यावर काळी पुटं चढलेली असतात, आणि बारीक पॉलिश पेपरनं दोन हात मारले की पुष्कळ 'मेलेली' यंत्रं इथेच जिवंत होतात.

दुसरा मुक्काम केबल. इथे माणसं हमखास फसतात, कारण केबल 'चालते' असं दिसतं. मीटर लावला तर ५ व्होल्ट अगदी बरोबर येतात. पण ते केव्हा, तर केबलमधून काही वाहत नसताना. स्वस्त केबलींमध्ये बऱ्याचदा २८ गेजची बारीक तार असते. तिच्या दर मीटरचा रोध ०.२१ ओहम. दीड मीटरच्या केबलीत वीज जाते दीड मीटर आणि परत येते दीड मीटर, म्हणजे एकूण ०.६४ ओहम. १ अँपिअर वाहू लागला की ०.६४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि पलीकडे पोचतात ४.३६. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्टची असते. चार्जिंगच्या चिपला स्वतःला थोडा फरक लागतो, तो उरतच नाही. मग दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. म्हणून केबल तपासायची तर भार देऊन. माझ्याकडे त्यासाठी ५ ओहमचा, १० वॉटचा सिरॅमिकचा रोध आहे. तो चिमट्यांनी धरून जोडायचा आणि तेव्हाचा आकडा वाचायचा. मावसभावाच्या केबलीचा आकडा ३.९वर आला. केबल बाद.

जाडजूड केबल आणली तरी एक गोम राहते. त्या काळच्या बहुतेक नॅव्हिगेटरांना मिनी-यूएसबीचं तोंड असतं, आणि त्यात दिसायला चार कामं असली तरी टोकं पाच असतात. दोन विजेची, दोन माहितीची आणि पाचवं ओळखीचं. समोर काय जोडलं आहे ते यंत्र या टोकांवरून ओळखतं. कॉम्प्युटरला जोडलं तर ते स्वतःला पेनड्राइव्ह समजून गप्प बसतं. शिवाय यूएसबीच्या मूळ नियमांनुसार ओळख पटेपर्यंत कॉम्प्युटरनं फक्त १०० मिलिअँपिअर द्यायचे, ओळख पटल्यावर ५००. पडद्याचा उजेड धरून यंत्र चालायला याहून कितीतरी जास्त लागतं. तेव्हा पूर्ण रिकामं झालेलं यंत्र लॅपटॉपला लावून 'चालू होत नाही' असा निकाल देऊ नये. भिंतीतल्या चार्जरला लावून निदान दोन-तीन तास थांबावं.

नवी केबल लावल्यावर आमच्या डबीचा दिवा पहिल्यांदा लुकलुकला. केबल जरा वर उचलून धरली की दिवा लागायचा, सोडली की जायचा. हे लक्षण दुरुस्ती करणाऱ्यांना इतकं ओळखीचं आहे की पुढचं वाक्य न बोलताच कळतं: तोंडाचा डाख सुटलाय. नॅव्हिगेटर काचेवर लटकलेला असतो, केबल खाली लोंबत असते, आणि प्रत्येक खड्ड्याला ती त्या इवल्या तोंडाला हिसका देते. तोंड ज्या चार-पाच डाखांवर पाटीला धरलेलं असतं त्यांना केसाएवढी भेग पडते. मेकॅनिक याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. वरून डाख गोल, चकचकीत दिसतो. भिंग धरून तिरप्या उजेडात बघितलं तरच पायाभोवतीची ती बारीक काळी कडा दिसते.

मग मात्र डबी उघडावी लागली. मागचे दोन स्क्रू चांदणीच्या खाचेचे होते, बाकी कड्यांचा झगडा. इथे लोखंडी स्क्रूड्रायव्हर घुसवू नये, प्लॅस्टिकचं जुनं कार्ड वापरावं. आत अगदी कडेलाच बॅटरी असण्याची शक्यता असते आणि तिच्या पाकिटाला टोक लागलं तर ती पेटू शकते. दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या चपट्या पट्ट्या असतात, पडद्याची आणि स्पर्शाची. म्हणून डबी पुस्तकासारखी सावकाश उघडायची, झटका द्यायचा नाही. पट्टीच्या टोकाशी एक छोटी झडप असते, ती नखानं वर केली की पट्टी आपोआप सुटते. आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. बॅटरी जोडलेली असताना पाटीवर तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवणं म्हणजे दुसरा बिघाड हातानं निर्माण करणं.

तोंडाच्या चारही खिळ्यांना थोडा फ्लक्स, नवा डाख, थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. दहा मिनिटांचं काम. यानंतर पाटीवर ५.०२ व्होल्ट स्थिर आले, केबल कशीही हलवली तरी.

यंत्र तरीही चालू झालं नाही.

खरी गोष्ट इथून सुरू होते, म्हणून जरा थांबून बॅटरीच्या आत जाऊ. चांदीच्या रंगाचं एक चपटं पाकीट असतं. त्यात तांब्याच्या वर्खावर कार्बनचा लेप आणि ॲल्युमिनियमच्या वर्खावर लिथियमच्या संयुगाचा लेप, मध्ये सच्छिद्र पडदा, आणि सगळं द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन कार्बनच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. या कल्पनेवर काम केलेल्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या योशिनोंचं काम आपल्या गोष्टीला फार जवळचं आहे. त्यांच्या आधी अशा बॅटऱ्यांत लिथियम धातूच वापरत, आणि चार्ज करताना त्या धातूचे सुईसारखे कोंब वाढून बॅटरी आतून शॉर्ट होई. योशिनोंनी धातूच्या जागी कार्बन आणला आणि धोका एकदम कमी झाला. सोनीनं १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली ती या पायावर.

अशा बॅटरीला दोन सीमा असतात. भरताना ४.२ व्होल्टच्या वर जायचं नाही, रिकामी करताना ३च्या फार खाली जायचं नाही. पाकिटाच्या माथ्यावर पिवळ्या टेपखाली नखाएवढी एक पाटी असते, ती या सीमांची राखण करते. व्होल्टेज अडीचच्या आसपास घसरलं की ती बॅटरीचा दरवाजा बंद करते. अशा वेळी बाहेरच्या तारांवर मीटर लावला तर तो शून्य दाखवतो. बघणारा म्हणतो, बॅटरी शून्यावर गेली. तसं नसतं. पाटीच्या आत, थेट पाकिटाच्या पत्र्यांवर टोकं टेकवली तर खरा आकडा मिळतो. आमच्या बॅटरीचा बाहेर ०.०० होता आणि आत १.१.

आत २.५ किंवा २.७ मिळाले असते तर मी आशा सोडली नसती. चार्जिंगची चिप अशा अशक्त बॅटरीला आधी अगदी थोडी वीज देते, नेहमीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, आणि ती ३ व्होल्टच्या आसपास आली की पूर्ण प्रवाह सोडते. उपाशी माणसाला आधी पेज द्यावी तसं. पण या पेजेलाही मुदत असते. अर्ध्या-एक तासात बॅटरीनं उभारी धरली नाही तर चिप तिला सदोष ठरवते आणि थांबते. दिवा लागून थोड्या वेळानं विझतो तो असा.

१.१ व्होल्टवर वर्षानुवर्षं पडलेल्या बॅटरीत मात्र दुसरंच काही घडलेलं असतं. तांब्याचा वर्ख द्रवात विरघळू लागतो. पुन्हा चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि आतल्या पडद्यातून पूल बांधतं. पाच व्होल्टच्या तारा थेट टेकवून अशी बॅटरी 'उठवण्याची' युक्ती पुष्कळ जण सांगतात. ती उठतेही. आणि मग आठवड्यानं, महिन्यानं, उशीशेजारी चार्जिंगला लावलेली असताना तापते. मी ही युक्ती करत नाही, कुणी केलेलीही मला बघवत नाही. आमच्या पाकिटाचं पोटही जरा फुगलं होतं, म्हणजे आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू झालेला. निर्णय सोपा होता. तारांच्या टोकांना वेगवेगळी टेप लावली आणि ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायला बाजूला ठेवली. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या कुठल्याच डब्यात तिला जागा नाही. आपल्याकडे २०२२ पासून बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत आणि त्यांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बाजूला ठेवण्यापूर्वी तिच्याकडून दोन गोष्टी मात्र विचारून घेतल्या. पहिली, तिचं माप. पाकिटावर बहुधा सहा आकडे छापलेले असतात. ५०३४५० असेल तर जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी ३४, लांबी ५०. हे वाचता आलं की कंपनीच्या नावानं बॅटरी शोधत फिरावं लागत नाही. दुसरी गोष्ट, तिच्या तारा. तीन होत्या: लाल, काळी आणि पांढरी.

हे माप घेऊन मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तशी पुणेकरांना ही गल्ली. मापाची बॅटरी दुसऱ्याच दुकानात मिळाली, पण तिला तारा दोनच. लाल आणि काळी कनेक्टरात बरोबर बसवल्या. इथे घाई करू नये. दोन कंपन्यांचे कनेक्टर दिसायला सारखे आणि तारांचा क्रम उलटा असं सर्रास असतं, आणि उलट जोडणीला बहुतेक पाट्या क्षमा करत नाहीत. मी मीटरनं तीनदा खात्री केली, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. सात वर्षांनी कंपनीचं चिन्ह आलं, मग ब्रिटनचा नकाशा. मावसभाऊ शेजारी उभा होता, त्यानं टाळी वाजवली.

दोन तासांनी, चार्जरला लावलेलं असतानाच, पडद्यावर 'बॅटरी कमी आहे' अशी सूचना आली.

चार्जरच्या वाटेत मीटर जोडून पाहिलं. यंत्र चालण्यापुरतीच वीज येत होती, बॅटरीकडे काहीही जात नव्हतं. ५ व्होल्ट आत येत आहेत, बॅटरी नवी आणि निरोगी, डाख पक्के, आणि तरी चिप दार उघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्लीत गेलो. तिथे जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत बसून चाळीस वर्षं दुरुस्ती करणारे एक कारागीर आहेत. त्यांनी नवी बॅटरी हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "तिसरी तार कुठंय?"

तिसरी तार वीज नेत नाही, ती तापमान सांगते. जुन्या पाकिटाला चिकटून आत एक मोहरीएवढा मणी असतो, थर्मिस्टर. तो तापला की त्याचा रोध घटतो, गार झाला की वाढतो. नेहमीचा मणी २५ अंशांना १० हजार ओहम, ४५ अंशांना साधारण ५ हजार, ० अंशांना ३० हजारांच्या आसपास. चिप हा आकडा सतत वाचत असते आणि ० ते ४५ अंशांच्या बाहेर चार्जिंग थांबवते. तार नसेल तर रोध अनंत. अनंत रोध म्हणजे चिपच्या हिशेबानं अतोनात थंडी. पुण्यात मे महिन्यात, पंख्याखालीही घाम येत असताना, त्या बिचाऱ्या चिपला वाटत होतं की आपण बर्फात गाडलेलो आहोत. मिळालेल्या माहितीवर तिनं घेतलेला निर्णय अगदी योग्य होता.

थंडीत चार्ज का करू द्यायचं नाही, हे योशिनोंकडे परत गेलं की कळतं. ० अंशांखाली लिथियमचे आयन कार्बनच्या थरांत शिरायला फार वेळ घेतात. मागून आणखी येतच राहिले तर ते बाहेरच साचतात आणि धातू होऊन बसतात. योशिनोंनी बॅटरीतून बाहेर काढलेला तो धातू असा मागच्या दारानं परत येतो. आणि उष्णतेची बाजू तर आपल्याला रोजची. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६५-७० अंशांपर्यंत तापतो, आणि नॅव्हिगेटर काचेलाच चिकटलेला असतो.

यावर बाजारात एक सोपा तोडगा चालतो. तिसऱ्या टोकाला १० हजार ओहमचा साधा रोध डाखायचा. दोन रुपयांचं काम, चिपला कायम २५ अंश दिसतात, चार्जिंग लगेच सुरू. मी त्या कारागिरांना विचारलं, तुम्ही हेच करता का? ते म्हणाले, "गिऱ्हाईक घाईत असलं की मागतं. पण गाडीत लावायच्या वस्तूला मी ते लावत नाही. ऊन काय रोधाला कळतंय?" आणि त्यांनी मागच्या फळीवरच्या डबीतून एक खरा मणी काढून दिला.

मणी तोच हवा याची खात्री जुन्या बॅटरीनं करून दिली. काळी आणि पांढरी यांच्यामध्ये मीटर लावला. खोलीचं तापमान ३४ अंश होतं, आकडा आला ७ हजारांच्या जवळपास. मग पाकीट न दाबता दोन्ही तळहातांत हलकेच धरलं. आकडा सावकाश उतरू लागला. ही परीक्षा लक्षात ठेवावी अशी आहे, कारण काही यंत्रांत तिसरी तार तापमानाची नसते, 'मी अमुक जातीची बॅटरी आहे' एवढंच सांगणाऱ्या साध्या रोधाची असते. हाताच्या उबेनं आकडा हलला तर थर्मिस्टर, ढिम्म राहिला तर ओळखीचा रोध.

नवा मणी पाकिटाच्या चपट्या पोटावर ठेवला, त्याच्या उघड्या पायांना बारीक नळी चढवली, वरून उष्णता सोसणारी पिवळी टेप लावली. एक पाय काळ्या तारेला, दुसरा कनेक्टरच्या रिकाम्या तिसऱ्या घराला. डाख देताना पाकिटाला चटका बसू नये म्हणून जोड तारांच्या टोकाशी, पाकिटापासून लांब घेतला. चार्जर लावला. दिवा लागला आणि लागूनच राहिला. मीटरवर बॅटरीकडे जाणारा प्रवाह दिसला, सव्वातीन तासांनी तो घटत घटत थांबला. बॅटरीवर ४.१९ व्होल्ट होते. त्याआधी, चार्जिंग चालू असताना, खात्रीसाठी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून मण्याशेजारी टेकवून पाहिली. चार्जिंग थांबलं. बाटली दूर केली, काही मिनिटांनी आपोआप सुरू झालं. मला सगळ्या दुरुस्तीत सर्वांत जास्त आनंद या थांबण्याचा झाला.

हे सगळं करूनही यंत्र उठलं नसतं तर शक्यता दोनच उरत होत्या. पाटीच्या तोंडाशी चुकीच्या चार्जरपासून वाचवणारा एक छोटा डायोड असतो, तो स्वतः जळून वाट शॉर्ट करतो. चिन्हापर्यंत येऊन अडकणारं यंत्र असेल तर दोष विजेचा नसतो, आतल्या साठवणीतली प्रणाली बिघडलेली असते, आणि ती कंपनीच्या सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटरवरून पुन्हा भरावी लागते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

संध्याकाळी डबी घेऊन दोघं गच्चीवर गेलो. सात वर्षं पूर्ण रिकामं राहिल्यामुळे यंत्राला वेळ आठवत नव्हती, आपण कुठे आहोत तेही नाही, आणि कोणता उपग्रह आकाशात कुठे असेल याची यादीही जुनी झालेली. ही यादी उपग्रहांकडूनच मिळते, पण ते सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे बोलतात. पूर्ण यादी ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. घरात, खिडकीशी बसून ती ऐकू येत नाही. चालू झालेलं यंत्र 'उपग्रह सापडत नाही' म्हणून पुन्हा टेबलावर आणणारे लोक बहुतेक वेळा याच साडेबारा मिनिटांत धीर सोडतात. आम्ही टाकीच्या कठड्यावर डबी ठेवली आणि चहा मागवला.

चहा संपता संपता उपग्रहांच्या पानावर एक दांडी भरली, मग दुसरी. चौथी भरली तेव्हा आकडे आले: १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. पुणं. नकाशा ब्रिटनपुरताच असल्यानं गाडीचा बाण कोऱ्या पडद्याच्या मधोमध उभा होता, आसपास ना रस्ता ना नदी.

तास-मिनिटं अचूक होती. तारीख मात्र साडेएकोणीस वर्षांहून जरा जास्त मागची. जीपीएस आठवडे मोजतं ते ६ जानेवारी १९८० पासून, आणि मूळ संदेशात त्या आकड्यासाठी १० बिटच ठेवलेले आहेत. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आली, ६ एप्रिल २०१९ला दुसऱ्यांदा. नवी यंत्रं हे सांभाळून घेतात, जुन्यांपैकी काहींना कळत नाही की आपण कोणत्या फेरीत आहोत. जागेचं गणित त्यानं बिघडलं नव्हतं.

"तारीख चुकली तर रस्ता चुकेल का?" मावसभावानं विचारलं.

नाही चुकणार, म्हटलं. फक्त पोचायची वेळ वाच, दिवस वाचू नकोस. आणि गाडी उन्हात लावलीस तर ही काचेवरून काढून खाली सावलीत ठेव.

त्यानं डबी उचलून रुमालात गुंडाळली. परतीच्या विमानात तो ती हातातल्या बॅगेत नेणार होता.